वेल्सची बाजू घेणारे श्रीपती ढवस

श्रीपती ढवस या माणसावर मी चौदा वर्षं चिडत आलो. या जूनमध्ये ते कतार सोडून गेले, तरी चीड उतरलेली नाही. माणूस वाईट असता तर सोपं होतं. कामाला चोख, बोलायला गोड, कुणाच्या अडीअडचणीला पहिला हजर. पण एक गोष्ट ठरवा म्हटलं की ते भाषण देत.

ढवस मूळचे वरोऱ्याचे, चंद्रपूर जिल्ह्यातले. आयटीआय केलं, तिकडच्या वीज केंद्रात सोळा वर्षं कंत्राटी फिटर होते, तिथून इकडे आले. रास लाफानच्या धक्क्यावर जहाजात द्रवरूप गॅस भरतात, तिथे त्यांचं काम. उणे एकशे साठ अंशांचा गॅस ज्या अवजड नळांमधून जहाजात जातो, ते नळ जोडायचे, तपासायचे आणि जहाज भरलं की सोडवायचे. बावीस वर्षं केलं. एकही अपघात नाही.

२००९ साली कंपनीने त्यांना सहा आठवडे वेल्सला प्रशिक्षणासाठी पाठवलं. आपल्या इथून निघालेला गॅस तिथल्या मिलफर्ड हेवन बंदरात उतरतो. तिथे ते आयवर नावाच्या एका म्हाताऱ्याच्या घरी भाड्याने राहिले. आयवर तरुणपणी कोळशाच्या खाणीत होता आणि वेल्स इंग्लंडपासून वेगळा झाला पाहिजे, असं रोज संध्याकाळी सांगत असे. ढवसांना जन्माचा सोबती भेटल्यासारखं झालं.

"सेक्रेटरी, सेम टू सेम," ते मला सांगत. "कोळसा त्यांचा, धूर त्यांचा, वीज दुसऱ्याची. आता गॅस पण पाहा. जहाज उतरते वेल्सात अन् पाइप जाते इंग्लंडात. आमच्या चंद्रपुराचंच झालं की हे!"

सेक्रेटरी म्हणजे मी. एका ट्रेडिंग कंपनीत हिशेब पाहतो, पुढच्या वर्षी निवृत्त होईन, आणि आमच्या मराठी मंडळाचा नऊ वर्षं सचिव आहे. मंडळाचा एक नियम आहे: भारतातलं राजकारण आणि धर्म, हे दोन विषय व्यासपीठावर आणायचे नाहीत. परक्या देशात आहोत, जपून राहावं. ढवस दर ऑक्टोबरला वादविवादासाठी लेखी विषय देत, "वेगळा विदर्भ हवा की नको". मी दर ऑक्टोबरला नियम क्रमांक सहा लिहून कागद परत करत असे. असं पाच वर्षं चाललं. सहाव्या वर्षी त्यांनी विषय दिला, "वेल्स स्वतंत्र झाला तर त्याला परवडेल का?"

समितीत वाचून दाखवला. आमचा आयटीतला तरुण सभासद चेतन म्हणाला, "वेल्स म्हणजे ते प्रिन्स ऑफ वेल्सवालं ना, काका? मग आपल्याला काय प्रॉब्लेम?"

"नियमात बसतं," मी म्हटलं. बसत होतंच. मला आत काय आहे ते दिसत होतं, पण नियम हा नियम.

इथे दुसरी गोष्ट सांगायला हवी, कारण खरं अडलेलं तिथे होतं. ढवसांनी बारा वर्षांपूर्वी वरोऱ्याला प्लॉट घेतला होता. त्यांच्या सौभाग्यवती संजीवनीवहिनी तिथल्याच. वहिनींची आई प्लॉटपासून दोन गल्ल्यांवर एकटी राहते. दर सुट्टीत वहिनी म्हणत, या वर्षी पाया घालू. दर सुट्टीत ढवस म्हणत, पुढच्या वर्षी. ढवसांची साठी जूनमध्ये, त्यानंतर व्हिसा नाही. आणि गेल्या दिवाळीत या गृहस्थाने पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट ठरवून टाकला. मुलगी वल्लरी पुण्यात नोकरीला आहे म्हणून. बायकोला सांगितलं पैसे भरल्यावर.

वहिनी आमच्या घरी आल्या तेव्हा रडल्या नाहीत. माझ्या बायकोला एवढंच म्हणाल्या, "बारा वर्षं त्या प्लॉटवरचं गवत मी काढून घेते आहे हो. दर वर्षी माणूस लावून. मला वाटायचं, घरासाठी काढते."

मी ढवसांना स्पष्ट विचारलं. कुठे राहणार ते जूनच्या आत दोघांनी मिळून ठरवा, म्हटलं. ते म्हणाले, "ठरवू ना. वरोऱ्यात काय हाये, सेक्रेटरी? हॉस्पिटल नाई, काम नाई. सरकारनं केलं काय आमच्यासाठी?" आणि पुढे पाऊण तास विदर्भाचा अनुशेष. मी घड्याळ पाहिलं होतं.

वादविवाद फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी चारला ठेवला. अबू हमूरमधल्या एका शाळेचा हॉल मिळाला. वेल्सच्या बाजूने ढवस. विरोधात बोलायला कोणी मिळेना. सगळ्यांनाच वेल्स स्वतंत्र व्हायला हवा होता. त्यात कुणाचं काही जात नव्हतं. शेवटी विरोधात मीच उभा राहिलो. अर्धवट तयारी मला जमत नाही. वेल्सच्या सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल मी दोनदा वाचला. त्यात स्वातंत्र्य अशक्य म्हटलेलं नाही. शक्य आहे, पण सुरुवातीची वर्षं जड जातील, असा सूर आहे. मी सात पानी टिपण काढलं.

साठेक माणसं जमली होती. ढवस इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. सुरुवात त्यांनी कागदावरच्या शुद्ध भाषेत केली. वेल्सला त्यांच्या भाषेत कम्री म्हणतात, तिथल्या दऱ्यांतलं पाणी बर्मिंगहॅमला जातं, लिव्हरपूलच्या पाण्यासाठी एक अख्खं गाव धरणाखाली गेलं. मग कागद खिशात गेला.

"आमचे सेक्रेटरी आता तुम्हाले तूट दाखवतील," ते म्हणाले. "वेल्सचा खर्च जास्त, कर कमी. बरोबर हाये. पण मी त्यांनाच इचारतो. सेक्रेटरी, तुमच्या कंपनीची अल वकरात शाखा हाये ना? नफ्यात की तोट्यात?"

"तोट्यात," मी म्हटलं. खोटं कसं बोलणार?

"कशानं तोट्यात? माल तर धडाधड खपते तिथे."

"हेड ऑफिसच्या खर्चाचा वाटा शाखेवर पडतो."

"कोण टाकते तो वाटा?"

हॉलमध्ये हशा सुरू झाला होता. "मी टाकतो," मी म्हटलं.

"ऐकलं का? वेल्स म्हणजे अल वकराची शाखा हाये! लंडनच्या कर्जाचं व्याज, लंडनची फौज, सगळ्याचा वाटा टाकायचा, अन् मग म्हणायचं, पाहा, यायले परवडत नाही!"

टाळ्या पडल्या. चेतनने शिट्टी मारली. मला राग आला, कारण मुद्दा बरोबर होता. वीस वर्षं मी तो वाटा टाकतो आहे आणि वकराच्या मॅनेजरला दर मार्चमध्ये तोटा दाखवून बोनस नाकारतो आहे.

माझी पाळी आली. मी म्हटलं, वाटे काढून टाकले तरी सगळी तूट जात नाही. वेल्समध्ये म्हातारी माणसं जास्त. शिकलेली मुलं कामासाठी इंग्लंडात जातात, कर तिथे भरतात. निवृत्तांचं पेन्शन आणि औषधपाणी वेल्सने पाहायचं. नवं चलन काढायचं तर त्यावर लोकांचा विश्वास बसायला वर्षं जातात. "ढवससाहेब म्हणतात ती लूट खरी असेल," मी म्हटलं, "पण नुसती लूट थांबवून घर चालत नाही. कमावणारी माणसं घरात लागतात." टाळ्या पडल्या, पण बेताच्या. आकड्यांना शिट्ट्या मिळत नाहीत.

मग मी श्रोत्यांना प्रश्नांसाठी दहा मिनिटं दिली. तिसऱ्या रांगेत संजीवनीवहिनी उभ्या राहिल्या. चेतनने माइक नेऊन दिला.

"मला पहिल्या वक्त्यांना विचारायचं आहे," त्या म्हणाल्या. नवऱ्याला वक्ते म्हटल्यावर लोक हसले. ढवसही हसले.

"इचारा, मॅडम."

"वेल्स उद्या वेगळा झाला, तर बाहेर गेलेली तिथली माणसं परत जातील का?"

"जातील ना! काहून नाई जाणार? तिथे काम निघालं की जातील."

"काम निघाल्यावर माणसं जातील, की माणसं गेल्यावर काम निघेल?"

"दोन्ही संगच होते ते," ढवस म्हणाले. "सरकार आपलं असलं की..."

"ठीक आहे. कामवाल्यांचं सोडा. समजा एक माणूस आहे. बाहेर बावीस वर्षं कमावलं. आता त्याला कामच नको आहे, पैसा गाठीला आहे, जागा घेऊन ठेवली आहे. तो तर उद्या जाऊ शकतो. त्यानं घर बांधलं तर चार गवंड्यांना काम लागेल. तो जाईल का?"

ढवसांनी माइक या हातातून त्या हातात घेतला.

"त्याचं वय झालं असते," ते म्हणाले. "त्याले दवाखाना लागते."

"वेल्समध्ये दवाखाने नाहीत?"

"मोठे नाईत."

"लहान आहेत ना? तिथल्या म्हाताऱ्या माणसांना चालतात ते. तिथे राहिलेल्या आयांना चालतात." वहिनींचा आवाज चढला नव्हता. "मग तुमच्या त्या माणसाला का चालत नाहीत?"

ढवसांनी माझ्याकडे पाहिलं. सचिव म्हणून मी वेळ संपली म्हणू शकत होतो. घड्याळात चार मिनिटं बाकी होती. मी काही बोललो नाही. पुढे कित्येक दिवस मला वाटत राहिलं की बोलायला हवं होतं, आणि लगेच असंही वाटे, कशाला?

"हा प्रश्न वेल्सचा नाई," ढवस शेवटी म्हणाले.

"मग विषय बदला," वहिनी म्हणाल्या आणि बसल्या.

रिवाजाप्रमाणे हात वर करून मतं घेतली. स्वातंत्र्याच्या बाजूने त्रेचाळीस, विरोधात बारा. ढवस जिंकले. विरोधातल्या बारांत संजीवनीवहिनींचा हात होता, खांद्यापासून सरळ. नंतर माझ्या बायकोने त्यांना विचारलं, "तुम्ही तर विदर्भवाल्या, मग विरोधात कशा?" तर म्हणाल्या, "ज्याची माणसं परत जात नाहीत त्यानं वेगळं होऊन काय करायचं? रिकाम्या घराला नवं कुलूप लावायचं?"

पार्किंगमध्ये ढवसांनी मला गाठलं. लोक अभिनंदन करून जात होते आणि ते प्रत्येकाला "शुक्रन, शुक्रन" म्हणत आभार मानत होते. एकटे उरल्यावर म्हणाले, "बायकोनं भर सभेत इज्जत काढली, सेक्रेटरी."

"त्यांनी प्रश्न विचारला. उत्तर द्या."

"काय देऊ?"

"वरोऱ्याला जातो म्हणा. नाहीतर मला तिथे राहायची भीती वाटते म्हणा. दोन्हींपैकी काहीही चालेल त्यांना. एक तरी म्हणा."

ते गाडीच्या टपावरची धूळ बोटाने पुसू लागले. मला खरोखर वाटलं, आता बोलतील. "तुम्हाले सांगतो," ते म्हणाले, "आयवर पण शेवटी लेकीकडे ब्रिस्टलले गेला. इंग्लंडात. मी स्टेजवर सांगितलं नाई."

"वहिनींना सांगितलंत?"

"नाई."

"आज सांगा."

"सांगतो. इन्शाल्ला." मराठी माणूस कतारमध्ये इन्शाल्ला म्हणाला, की ते काम होत नाही असं धरून चालावं. माझा अनुभव आहे.

जूनमध्ये सामान पाठवायची वेळ आली. कागदपत्रं भरायला अर्थात मीच. कार्गोवाला नसरुद्दीन दोन माणसं घेऊन आला होता. खोकी मोजून झाल्यावर त्याने हिंदीत विचारलं, पत्ता काय लिहू? ढवसांनी पुण्याचा सांगितला. वहिनींनी आतून येऊन एकवीस खोक्यांपैकी नऊ वेगळी ओढली आणि वरोऱ्याचा पत्ता सांगितला, पिनकोडसकट. नसरुद्दीनने माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, फ्रिज कुठे?

"वरोऱ्याला," वहिनी म्हणाल्या. "आईचा जुना झाला आहे."

ढवस म्हणाले, "जाऊ द्या. थोडे दिवस माहेरी राहून येईल." त्यांनी हे नसरुद्दीनला सांगितलं की मला, ते कळलं नाही. मी दोन वेगळे फॉर्म भरले. इथल्या एकवीस वर्षांत एका घराचं सामान दोन पत्त्यांवर पाठवायचा फॉर्म मी पहिल्यांदा भरला.

ऑगस्टमध्ये मी वहिनींना फोन केला. आईची तब्येत बरी आहे, म्हणाल्या. पायाची आखणी झाली, खड्डे खणले, पण काम थांबलं आहे.

"पैशाची अडचण?"

"नाही हो, भाऊजी. गवंडी मिळत नाहीत. चांगले होते ते सगळे पुण्याला गेले." मग त्या हसल्या. "यांना म्हटलं, तिकडे एखादा भेटला तर पाठवा. सोबत आलात तरी चालेल."

मी लगेच ढवसांना पुण्याला फोन लावला. वहिनींचं पायाचं काम अडलं आहे, गवंडी हवा आहे, तुम्ही स्वतः जा, फिटर माणूस आहात, उभं राहून काम करून घ्याल, असं सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "तेच तर मी म्हणतो, सेक्रेटरी. कुशल कामगार बाहेर जातो, अन् मागे राहते काय? वेल्सचं पाहा..."

वीस मिनिटं ते वेल्सबद्दल बोलले. मी मध्ये तीनदा विचारलं, तुम्ही कधी जाताय? चौथ्यांदा विचारलं नाही. फोन ठेवून दिला.