महिनाभर कोणीच ओरडलं नाही

आमच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात संगणक विभाग चौथ्या मजल्यावर आहे आणि तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर किल्लेदारीण बसते. किल्ला वगैरे काही नाही. हॉस्पिटलच्या सगळ्या डिजिटल किल्ल्या तिच्या ताब्यात, म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. घरातून निघताना ती कुलूप तीनदा ओढून बघते आणि चौथ्यांदा नवऱ्याला ओढायला लावते. अशा बाईच्या हाती किल्ल्या देणं हा आमच्या साहेबांचा एकमेव शहाणा निर्णय. तोही चुकून झाला, कारण त्या दिवशी मी रजेवर होतो.

पेशंटच्या डोळ्यांचे फोटो आम्ही क्लाउडवर ठेवतो, म्हणजे कुठल्यातरी कंपनीच्या संगणकांवर, भाड्याने. फोटो कुलूपबंद असतात आणि त्यांच्या किल्ल्या वेगळ्या तिजोरीत असतात. ती तिजोरी पुसली तर फोटो जागच्या जागी राहतात, फक्त ते पुन्हा कोणालाच उघडता येत नाहीत, अगदी त्या कंपनीलाही नाही.

यंदा साहेबांना साफसफाईचा झटका आला. यादीत 'चाचणी' नावाची एक तिजोरी दिसली. "चाचणीच ना? उडवा," साहेब म्हणाले. ते नाव मी दिलेलं, आठ वर्षांपूर्वी, पंधरा दिवसांच्या कामासाठी. पुढे तिच्यात काय काय जाऊन पडलं हे मला आठवत नव्हतं, आणि तसं कबूल करण्याइतका मी भला माणूस नाही.

किल्लेदारणीने मात्र सगळं रीतसर केलं. वापराची नोंद तपासली. ती तीन महिन्यांचीच मिळते, आणि त्यात तिजोरी कोणी उघडलेली नव्हती. सगळ्या विभागांना मेल पाठवली. मग पुसण्याचा हुकूम दिला आणि मिळते तेवढी सगळी मुदत घेतली, तीस दिवस. या दिवसांत किल्ल्या चालत नाहीत, पण हुकूम मागे घेता येतो. आम्ही याला बोंब-परीक्षा म्हणतो. ज्याचं अडेल तो बोंब ठोकेल. कोणीच ठोकली नाही, तर त्या वस्तूला वाली नाही असं समजायचं.

रोज सकाळी पर्स ठेवता ठेवता ती विचारायची, "कोणी ओरडलं?" मी म्हणायचो, "चिटपाखरूही नाही." साहेब खूश होते.

अठ्ठाविसाव्या दिवशी संध्याकाळी घरी तिने सासऱ्यांना सहज विचारलं, "बाबा, हल्ली वन्संशी बोलताना दिसत नाही तुम्ही?"

"टॅबलेट बिघडलाय गं माझा. तीन आठवडे झाले."

टॅबलेट ठणठणीत होता. घरच्या वायफायचा पासवर्ड तिनेच बदलला होता आणि त्यांना सांगायचं राहून गेलं होतं. "मला सांगायचं नाही का?" ती चिडली.

"तू कामात असतेस. म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल."

दुसऱ्या दिवशी ती आली ती चहाही न घेता स्क्रीनसमोर बसली. या वेळी तिने उघडण्याचे फसलेले प्रयत्न काढले. दोनशे बारा! सगळे तळघरातल्या रेकॉर्ड रूममधून. ती धावत खाली गेली, मागोमाग मी.

काचबिंदूच्या जुन्या पेशंटना वर्षातून एकदा, याच महिन्यात तपासायला बोलावतात. जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी ठेवले की नजर किती गेली ते डॉक्टरांना कळतं. ते जुने फोटो काढून देतात रेकॉर्ड रूमचे काका, आणि त्या सगळ्यांच्या किल्ल्या होत्या 'चाचणी'त. काका महिनाभर बटण दाबत होते, फोटो उघडत नव्हता, आणि ते प्रत्येक पेशंटला सांगत होते, "पुढच्या आठवड्यात या." डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही, कारण रेकॉर्ड रूममधून काही वेळेवर येतं हेच त्यांना नवीन असतं.

"अहो काका, ओरडायचं ना!"

"कोणाच्या नावाने ओरडू?"

"मेल पाठवली होती मी!"

"मला मेल कुठे आहे?" काका म्हणाले. "मागितली होती. तुमच्याच मजल्यावर."

ती तिथेच त्यांच्या खुर्चीत बसली आणि हुकूम मागे घेतला. किल्ल्या चालू केल्या, पहिला फोटो उघडला. बाहेर बाकावर एक बाई तिसऱ्यांदा आल्या होत्या, दोन बस बदलून. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि त्यांचा चेहरा उतरला. डाव्या डोळ्याची बरीच नजर गेली होती. औषध त्याच दिवशी बदललं. ते पहिल्याच फेरीला बदलायला हवं होतं. निघताना त्या बाई किल्लेदारणीला म्हणाल्या, "माझ्यामुळे तुम्हाला उगाच खाली यावं लागलं." मला तिथे उभं राहवेना.

वर साहेब वाट बघत होते. "हुकूम मागे का घेतला? तक्रार तर कोणाचीच नव्हती!"

तेव्हा किल्लेदारीण जी ओरडली, ती तिसऱ्या मजल्यावरच्या ऑपरेशन थिएटरपर्यंत ऐकू गेली.

महिन्याच्या अहवालात साहेबांनी लिहिलं: एकूण तक्रारी, एक. स्वरूप: महिला कर्मचाऱ्याचा चढलेला आवाज.