गरम झाल्यावरच रुसणारी गाडी

गॅरेजमध्ये तिला सगळे वकीलबाई म्हणत. गाडीचं बॉनेट उघडण्याआधी ती मालकाची उलटतपासणी घ्यायची. स्कॅनरने सेन्सर खराब दाखवला तरी तिचा विश्वास बसत नसे. आधी वायर बघायची, मग जोडणी, आणि एक डोळा मालकाच्या चेहऱ्यावर.

एकदा सासऱ्यांचीच जुनी गाडी आली.

"मध्येच सुरू व्हायची बंद होते. तासाभराने आपोआप ठीक."

"कुठं होतं असं, बाबा?"

"वाचनालयासमोर. मी दुसरीकडे जातो कुठं?"

स्कॅनरने क्रँकच्या सेन्सरकडे बोट दाखवलं. तो गप्प बसला की इंजिन सुरूच होत नाही. वायर ठणठणीत होती. तिने सेन्सर काढून मीटरला जोडला, त्यावर गरम हवा सोडली. मीटरवरचा आकडा गायब. सेन्सर थंड झाला, आकडा परत.

म्हणजे इंजिन चांगलं तापून मग थांबलं, तरच ही खोड. आणि वाचनालय तर गल्लीच्या टोकाला! तिथवर इंजिन कोमटसुद्धा होत नाही.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बाबा जातात कुठं? गुपचूप डॉक्टरकडे? कोणी भामटा गळाला लावतोय का? नवऱ्याला सांगितलं, तर तो खो खो हसला. "बाबांचं लफडं? त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही!"

तिला हसू आलं नाही. नवा सेन्सर बसवला आणि ती सासऱ्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"चला, नेहमी जाता तिथंच. गाडी तपासायचीय."

सासऱ्यांनी किल्ली फिरवली. मग निघाले. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका पिवळ्या घरासमोर त्यांनी गाडी थांबवली.

"इथं माझा धाकटा भाऊ राहतो. आईच्या आजारपणात भांडलो, तेव्हापासून अबोला. मी येतो, गाडीतच बसून राहतो. उतरायचा धीर होत नाही."

ती ओशाळली. तेवढ्यात घराचं दार उघडलं आणि एक म्हातारा काठी उगारत आला.

"कोण रे तू? सारखी पाळत ठेवतोस! आज पोलिसांनाच—"

वाकून त्याने काचेतून पाहिलं. काठी खाली आली.

"दादा? मग बेल का नाही वाजवलीस?"

"गाडी बंद पडायची," सासरे पुटपुटले.

धाकट्याने संशयाने तिच्याकडे पाहिलं. "खरं का गं?"

"हो काका. सेन्सर खराब होता."

"हं." त्याने मागच्या सीटवरही नजर फिरवली, आणखी कोणी लपलंय का म्हणून. मग दार उघडून भावाचा हात घट्ट धरला. "उतर आता. पाय तरी चालतात ना?"