जवळच्या पंचाचा शब्द

आजवर कुणालाही सांगितलं नाही ते आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचा प्रवास मोकळेपणानं सांगता येईल. वाशीम जिल्ह्यातून पिकलबॉलचा पंच म्हणून माझी निवड झाली, ती मी खोटं बोलून मिळवली. त्यामुळे जो माणूस मागे पडला, त्याच्याच मोटारसायकलवर बसून मी परीक्षेला गेलो होतो आणि त्याच्याच मोटारसायकलवर बसून परत आलो.

वासुदेव आमच्या रिठदचा. पाच एकर शेती, दहावी नापास. मी गावच्या शाळेत मास्तर. वीस वर्षं आम्ही दोघं पंचक्रोशीत कबड्डीचे पंच म्हणून उभे राहत आलो. सामने ठरवायला येणारे लोक आधी विचारत, "वासुदेव येऊन राह्यला ना?" माझं नाव नंतर, जोडीला कुणी हवं म्हणून. नियमांचं पुस्तक मी वाचलेलं, पण भांडण मिटायचं ते त्याच्या एका बोटानं. हे मला सलायचं. त्याच्या पाठीवर थाप मारून मी "वा रे गड्या" म्हणायचो, तेव्हाही सलायचं.

पिकलबॉलच्या पंच शिबिराचं पत्र शाळेत आलं तेव्हा मी मनात खूश झालो. बॅडमिंटनच्या कोर्टाएवढं मैदान, छिद्रं असलेला प्लास्टिकचा चेंडू, हातात लाकडी फळीसारखी बॅट. हा खेळ गावात कुणी पाहिलेला नव्हता. इथं तरी वासुदेव माझ्या पुढे नसेल. मी त्याला कळवणारही नव्हतो, पण त्याच्या मुलीनं मोबाईलवर वाचलं आणि तो अंगणात येऊन उभा राहिला. म्हणाला, "मास्तर, दोघंई जाऊ. गाडी माही."

डिसेंबरच्या सकाळी निघालो. वाशीमच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर शेंगांनी वाकली होती, हरभरा घोट्याएवढा झाला होता. वासुदेव गाडी चालवता चालवता नियम म्हणत होता. रोज संध्याकाळी मुलगी वाचायची आणि हा ऐकायचा, असं त्यानं पाठ केलं होतं. दोन ठिकाणी तो चुकला. मी दुरुस्त केलं नाही.

मालेगावला स्टँडसमोर आलूबोंडा-रस्सा खाल्ला. रस्सा असा तिखट, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. हॉटेलवाल्यानं विचारलं, कुठचे पाहुणे? वासुदेवनं सांगितलं की आम्ही पिकलबॉलचे पंच व्हायला आलो आहोत. तो माणूस झारा थांबवून म्हणाला, "लोणच्याचा खेळ हाये का मंग?" वासुदेव त्याच्यापेक्षा मोठ्यानं हसला. मी पाणी पीत राहिलो.

शिबिर मालेगावातच एका मंगल कार्यालयात होतं. जिथं एरवी पंगती बसतात त्या फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवून कोर्ट आखलं होतं. नागपूरहून आलेले परीक्षक मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी समजावलं की नेटच्या दोन्ही बाजूंना सात फुटांचा पट्टा असतो, त्याला खेळाडू किचन म्हणतात. पाय त्या पट्ट्यात किंवा त्याच्या रेषेवर असताना चेंडू हवेतल्या हवेत मारला की फॉल्ट. वासुदेव मागून म्हणाला, "आमच्या घरी बी हाच नियम हाये, साहेब. किचनमंधी पाय ठेवला का फॉल्ट." सगळं शिबिर हसलं. परीक्षकही हसले. मी दहा दिवस पुस्तक घोकलं होतं, आणि अर्ध्या तासात सगळे त्याचे झाले होते.

लेखी परीक्षेत मी पहिला आलो, वासुदेव कसाबसा पास. तेवढ्यावर मी सुखात होतो. संध्याकाळी सरावाचे सामने झाले. शिट्टीची मनाई होती, तरी वासुदेवचा हात दर वेळी गळ्याशी जाई आणि रिकामा परत येई. पण रेषेवरचा एकही पाय त्याच्या नजरेतून सुटला नाही. परीक्षक मला, नेमकं मलाच, म्हणाले, "नियम पाठ करता येतात, सर. ही नजर शिकवता येत नाही." मी "हो ना" म्हणालो. जेवणात सोल्यांची भाजी (ओल्या तुरीच्या दाण्यांची) होती, माझी सगळ्यात आवडती. ती ताटात तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी पुढच्या परीक्षेसाठी शेलूबाजार, मंगरूळपीर, मानोरा करत पोहरादेवीला गेलो. मानोऱ्याच्या अलीकडे चेन उतरली. वासुदेवनं तुराटीनं (तुरीच्या वाळक्या काडीनं) ती बसवली आणि काळे हात धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गवताला पुसले. पोहरादेवीला यात्रेचे दिवस नव्हते, तरी लांबलांबच्या बंजारा तांड्यांवरून आलेली माणसं दर्शनाला रांगेत होती. आम्हीही माथा टेकवला. वासुदेवनं काय मागितलं ते त्यानं सांगून टाकलं: एकदा तरी नावापुढं पंच असं छापून यावं, पोरीला दाखवायला. मी काय मागितलं ते मी सांगितलं नाही.

जवळच्या मैदानावर प्रात्यक्षिक परीक्षा होती. राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्यातून एकच पंच घ्यायचा होता. वासुदेवच्या सामन्याला तो मुख्य पंच होता आणि समोर, नेटच्या दुसऱ्या टोकाला, दुय्यम पंच म्हणून मी. शेजारी एक बंजारा याडी (आई) पदर डोक्यावर घेऊन बसली होती. हे दोन माणसं न खेळता कायले उभे हायेत, असं ती दुसरीला विचारत होती.

शेवटच्या गुणावर माझ्या बाजूच्या खेळाडूनं पुढं झेप घेऊन चेंडू हवेत मारला. त्याच्या बुटाचं टोक रेषेवर पडलं. माझ्यापासून चार हातांवर. मला ते स्वच्छ दिसलं. पलीकडून वासुदेवलाही दिसलं, कारण त्यानं लगेच "फॉल्ट" म्हटलं.

खेळाडू भांडू लागला, पाय मागे होता म्हणे. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या बाजूला होतं, सर. काय दिसलं?"

मी म्हणालो, "पाय मागं होता."

कबड्डीत आम्हा दोघांचा एक रिवाज होता. रेषेजवळ जो पंच उभा, त्याचा शब्द शेवटचा; लांबचा पंच तो कापत नाही. वीस वर्षांत एकदाही कापला नव्हता. वासुदेवनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. "मास्तर रेषेजोळ व्हता. त्यानं पाह्यलं असन," तो म्हणाला, खेळाडूची माफी मागितली आणि गुण देऊन टाकला. परीक्षकांनी वहीत काही लिहिलं. नंतर त्यांनी सांगितलं की नुसती नजर चुकली असती तरी चाललं असतं. पण स्वतः पाहिलेलं दुसऱ्याच्या शब्दावर सोडणारा मुख्य पंच त्यांना नको होता. माझं नाव वाचलं गेलं. पहिली टाळी वासुदेवनं वाजवली.

परतताना ऊन उतरत होतं. मंगरूळपीरच्या पुढे त्यानं गाडी हळू केली आणि मान न वळवता विचारलं, "खरं सांग मास्तर, पाय मांगं व्हता?"

तेव्हाही वेळ गेली नव्हती. परीक्षकांना फोन करता आला असता. मी म्हणालो, "होता."

"मंग माही नजर गेली आता," तो म्हणाला. रिठद येईपर्यंत तो तुरीवर, अळीवर, पाण्यावर बोलत राहिला.

मी राज्य स्पर्धेला जाऊन आलो. तिथं माझ्या नावापुढं पंच असं छापलं होतं. वासुदेव वाशीमला डोळे तपासून आला. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही. त्यानं डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. यंदा गावच्या कबड्डीला लोक बोलवायला गेले, तर तो म्हणाला, मले दिसत नाही बापा, मास्तरले न्या. तो आता मैदानावर येतच नाही. लोक आता आधी माझं नाव घेतात. ज्याच्यासाठी वीस वर्षं जळलो ते मिळालं, आणि तरी दर चढाईला मी पलीकडे तो उभा आहे का म्हणून पाहतो.

हे लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं. त्याचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. पाय रेषेवर होता आणि त्याची नजर शाबूत आहे, एवढं त्याच्यासमोर उभं राहून बोलणं मी त्याचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.