सहा कलमं आणि ऑरेस्टचे हात

ऑरेस्ट कुझिकला स्वस्थ बसवत नसे. धड चाललेली वस्तू का चालते आहे, हे उघडून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, आणि त्याने उघडलेली वस्तू पुन्हा धड चालल्याचं फारसं कुणाला आठवत नव्हतं. घरातला टोस्टर त्याने दोनदा सुधारला होता. तेव्हापासून त्यात पाव एकाच बाजूने भाजला जाई. व्हर्ना, म्हणजे त्याची बायको, मुकाट्याने पाव उलटा करून पुन्हा आत सोडी. बोलायचं ते एकेचाळीस वर्षांत बोलून झालं होतं.

कॅनडातल्या हार्लो क्रीक गावच्या कर्लिंग रिंकचा बर्फ मात्र ऑरेस्टनेच करावा. बर्फावरून जड दगड सरकवत नेमका वर्तुळात नेऊन थांबवायचा, असा तो खेळ. बर्फ जरासा बिघडला की दगड भलतीकडे जातो. त्यामुळे रिंकवर ऑरेस्टचा दरारा होता. खेळताना कुणी बर्फावर तळहात टेकला, की तो काचेपलीकडून ओरडे, "हात उचल! खळगा पडतो तिथे!"

त्या जानेवारीत व्हर्नाचा गुडघा बदलायचा ठरला. ऑपरेशन सास्काटून शहरात, आणि पुढचे दहा-बारा दिवस मुक्काम तिथेच बहिणीकडे. तिला गुडघ्याची काळजी नव्हती. काळजी होती तळघरातल्या गांजाच्या झाडाची. गुडघ्याला लावायच्या त्याच्या मलमावर तिने चार हिवाळे काढले होते, पण आता झाड म्हातारं होऊन त्याचं खोड निबर झालं होतं. जायच्या आदल्या दिवशी तिने त्याच्या सहा कोवळ्या फांद्या तिरक्या कापल्या, टोकं मूळ फुटायच्या औषधात बुडवली, ओल्या स्पंजाच्या सहा वड्यांत एकेक खोचली आणि झाड काढून टाकलं. कलमांचा ट्रे ऊब देणाऱ्या चटईवर ठेवून वर पारदर्शक झाकण घातलं.

"घरटी चार झाडांची परवानगी आहे," ऑरेस्ट म्हणाला. "ही सहा झाली."

"मूळ फुटेपर्यंत ती झाडं नव्हेत. फुलदाणीतल्या फुलांना कुणी बाग म्हणतं का? सगळी जगली तर दोन माझ्या मैत्रिणीला, गेलला देईन. आता नीट ऐक. सकाळी झाकणाला आतून एकदा फवारा मारायचा, झाकण लावायचं आणि वर निघून यायचं. बस्स."

"एवढंच?"

"एवढंच. म्हणूनच मला भीती वाटते."

पहिले दोन दिवस ऑरेस्टने मन आवरलं. म्हणजे दिवसातून फक्त पाच-सहा वेळा झाकण उघडलं. दर वेळी आतली दमट हवा भुस्सकन बाहेर पडे आणि पानं आणखी थोडी माना टाकत. माना टाकल्या म्हणून तो पुन्हा फवारा मारायला झाकण उघडी.

तिसऱ्या दिवशी त्याने पुढच्या ओळीतलं एक कलम दोन बोटांत धरून हलकेच वर ओढलं. मूळ आलं का, एवढंच पाहायचं होतं. नव्हतं आलं. त्याने ते परत खोचलं. मग वाटलं, हे एखादं आळशी असेल, म्हणून शेजारचं ओढलं. चौथ्या दिवशी तिसरं. पाचव्या दिवशी पुन्हा पहिलं.

संध्याकाळी सहाला व्हर्नाचा फोन येई.

"पानं उभी आहेत का?"

"गुडघा कसा आहे?"

"गुडघा लोखंडाचा आहे, त्याला काय होतंय? पानं?"

"आहेत की. उभी... बसल्यासारखी."

"हात लावलास?"

"छे! वेडबीड लागलंय का?" असं म्हणताना त्याच्या अंगठ्याला स्पंजाचा ओला चुरा तसाच होता.

सहाव्या दिवशी सकाळी अर्ध्या गावाची वीज गेली. बाहेर उणे छत्तीस. घर तापवणारी भट्टी बंद पडली आणि तासाभरात तळघरात तोंडातून वाफ निघायला लागली. चटई थंडगार. रिंक दुसऱ्या लायनीवर होती, तिथे वीज होती. ऑरेस्टने ट्रे झाकणासकट व्हर्नाच्या गोधडीत गुंडाळला, ट्रक आधी गरम करून घेतला, ट्रेला सीटचा पट्टा बांधला आणि सायकलवाल्यालासुद्धा वाट देत रिंकवर पोचला. इतक्या थंडीत सायकल चालवणारा गावात एकच माणूस, आणि तो नेमका आज निघाला होता.

रिंकच्या स्वयंपाकघरात ऊब होती, म्हणून त्याने गाठोडं टेबलावर ठेवलं. बायकांचा सकाळचा सामना नुकताच संपला होता. गोधडीत गुंडाळून हार्लो क्रीकमध्ये एकच वस्तू येते, ती म्हणजे पेरोगी, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या. आठ बायका बशा घेऊनच धावल्या.

"व्हर्ना जाता जाता आमच्यासाठी करून गेली वाटतं!" म्हणत गेलने गोधडी सोडून झाकण उचललं. "अगं बाई. ही कसली भाजी?"

"झाकण ठेव!" ऑरेस्ट किंचाळला.

पण आता सगळ्यांचीच तोंडं ट्रेवर वाकली होती. एक म्हणाली, पाणी कमी झालंय. दुसरी म्हणाली, जास्त झालंय. तिसरीने दालचिनी टाकायला सांगितलं. तिच्या बहिणीचं जिरेनियम दालचिनीने जगलं होतं. एकीने सरळ मागच्या ओळीतल्या कलमाला बोट लावलं.

"हात उचल! कुणी हात लावायचा नाही!" ऑरेस्टने दोन्ही हात पसरून ट्रेवर पाखर घातली. "जरा उघडलं की हवा जाते, कळत नाही का? रोज उठून कुणी सारखं उचकटत राहिलं, तर त्या बिचाऱ्यांनी मूळ धरायचं कधी?"

बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला. आपलंच वाक्य कानावर पडलं, तसं त्याने स्पंजाचा चुरा लागलेल्या स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं.

कोपऱ्यात कॉफी पीत बसलेल्या प्रिस्टुपाबाई उठल्या. वय चौऱ्याऐंशी, पूर्वी गावच्या दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनी चष्मा वर करून आधी ट्रे पाहिला, मग ऑरेस्टचा अंगठा.

"तू जन्मलास तेव्हा मी तिथे होते," त्या म्हणाल्या. "नाळ कापायच्या आधी तू माझी कात्री धरलीस. तुझ्यात फरक पडलेला नाही."

त्यांनी पाण्याचा एक फवारा मारला, झाकण घातलं, चिकटपट्टी मागवून झाकणाला चारही बाजूंनी लावली आणि पट्टीवर पेनाने सही केली. "आता हे व्हर्नाच उघडेल. सही फाटलेली दिसली, तर माझ्याशी गाठ आहे."

दुपारी वीज आली आणि ट्रे घरी गेला. पुढचे आठ दिवस ऑरेस्टच्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस होते. तो तळघरात जाई, स्टुलावर बसे आणि हात मांड्यांखाली दाबून झाकणावरचे थेंब पाही. न राहवून त्याने तेवढ्यात किराण्याची फडताळं रंगवली, नळाची गळती थांबवली आणि नवीन एक सुरू केली. पट्टीला मात्र हात लावला नाही.

व्हर्ना चौदाव्या दिवशी वॉकर टेकत आली. तिला जिना उतरता येईना, म्हणून ऑरेस्टने ट्रे जेवणाच्या टेबलावर आणला. तिने सही पाहिली, भुवई उंचावली, पट्टी काढली. मागच्या ओळीतली तीन कलमं ताठ उभी होती, आणि वड्यांच्या बुडातून शेवयांसारखी पांढरी मुळं लोंबत होती. पुढची तिन्ही काळी पडून आडवी झाली होती.

"पुढची ओळ गेली," व्हर्ना म्हणाली. "मागे हात पोचला नाही वाटतं?"

ऑरेस्टने खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि मग सगळं सांगून टाकलं. किती वेळा ओढली तेही सांगितलं. व्हर्ना इतकी हसली, की नव्या गुडघ्याला कळ लागली आणि तिला वॉकर धरावा लागला.

मग पाय खुर्चीवर लांब करून तिने त्याला तिन्ही रोपं कुंड्यांत लावायला शिकवली. "देठाला धरू नकोस. वडीला धर. हां, असं." बर्फाचं काम करून राठ झालेल्या बोटांनी त्याने वडी अलगद उचलली. शेवटच्या रोपाभोवती त्याने माती इतकी हलकी दाबली, की व्हर्नाला "अजून, अजून" म्हणावं लागलं.

"आता कुंड्या तळघरात ठेव, आणि तीन दिवस पाणी नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा झारा घेऊन ऑरेस्ट तळघराच्या पहिल्या पायरीवर उभा होता.

"परवा!" आतल्या खोलीतून आवाज आला.

"माहीत आहे मला," ऑरेस्ट म्हणाला, आणि त्याने ते पाणी खिडकीतल्या निवडुंगाला घातलं.