तिला सांगायचं राहिलं

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वालाच्या शेंगा सोलणं. मोहाडीच्या बाजारातून मीच आणल्या होत्या. अंगणात पोतं टाकून उन्हाला बसलो. दाणे टोपलीत आणि टरफलं सुपात टाकायची, एवढं साधं काम, पण माझ्या हातून उलटंच होत होतं. ती म्हणाली, "अजी, लक्ष कुठं हाय तुमचं? बकरीले दाने चारता अन् आपन टरफलं खाचे का?" मी हसलो आणि पाणी प्यायला आत गेलो. परत आलो तर ती एकटीच बडबडत होती. "उठले का चालले. सांगून जात जा ना जी. मी आपली भिताडासंगं बोलून राहिली." दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. मला सांगून जा म्हणणारी बाई स्वतः न सांगता गेली.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे. धानाच्या बांधीत चिखल तुडवण्यात जन्म गेला. देवाचं सगळं तिच्याकडे होतं. मोहाडीच्या देवीला ती आत जाऊन हात जोडायची आणि मी बाहेर चपलांजवळ बसायचो. ती गेल्यावर देवापुढचा तिचा दिवा मी लावला नाही. देव्हाऱ्यासमोर उभं राहून एवढंच विचारलं, तुझे डोळे फुटले होते का?

तिला नर्मदा पाहायची होती. ते राहिलं. म्हणून अस्थी नर्मदेतच सोडायच्या असं मी ठरवलं. तुमसर रोड टेशनवरून गोंदिया, तिथून पुढची गाडी. सोबत तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा साळा, निघाला. निघताना माझ्या मोठ्या बहिणीनं अस्थींची पिशवी माझ्या गळ्यात बांधली आणि बजावलं, "खाली ठेवजो नको. अन् तिले सांगत जाजो. गाडीत बसताना सांग, उतरताना सांग, नदी आली तं सांग. जिथं सांगाचं राह्यलं तिथंच गेलेलं मानूस बसून राह्यते."

आमच्याकडे ही रीत जुनी आहे. मी ती कधी मानली नव्हती. पण त्या दिवशी सांगायला लागलो. घरून निघताना म्हटलं, चाल वो शोभाची माय, निघालो. ऑटोत बसताना सांगितलं. शोभा आमची मुलगी, तिच्या नावानंच मी बायकोला जन्मभर हाक मारली. ऑटोवाला आरशातून पाहत होता. पाहू दे म्हटलं.

टेशनवर पोचलो तेव्हा धुकं असं होतं की रुळापलीकडचा माणूस दिसत नव्हता. गाड्या उशिरा होत्या. एका बाकावर बसलो आणि तिला म्हटलं, आता इथं बसू. बाजूला खूप लोक होते, कोणी गोंदियाचे, कोणी नागपूरचे. प्रत्येक जण दुसऱ्याला विचारत होता, आपली कोणती? तेवढ्यात भोंगा बोलायला लागला आणि त्याच वेळी पलीकडे धुक्यातून एक गाडी खडखडत आली. भोंगा काय म्हणाला ते अर्धं गाडीनं गिळलं. कोणीतरी ओरडलं, "अबे, गाडी तिकडं लागली!" झालं. एक धावला म्हणून दहा धावले. बोचकी, लेकरं, म्हातारे, सगळे पुलाच्या पायऱ्यांवर. साळ्यानं माझा दंड धरला, "चला भाऊजी, चला, सुटते!" आणि मीही धावलो.

पूल चढलो, उतरलो. डब्याच्या दाराशी रेटारेटी होती. साळा आत घुसला. माझा एक पाय पायरीवर होता आणि एका हातानं मी पिशवी छातीशी धरली होती. तेव्हा ध्यानात आलं. उठताना मी तिला सांगितलंच नाही.

भीती काय असते ते मला माहीत आहे असं मी समजत होतो. बांधीत पायावरून साप गेलेला आहे. पुराच्या पाण्यात बैल धरून उभा राहिलो आहे. पण त्या पायरीवरची भीती वेगळीच होती. आमचा दोघांचा एक नेम होता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी देवीच्या जत्रेत आमची चुकामूक झाली होती. तेव्हापासून ठरलं की जिथं चुकलो तिथंच थांबायचं, शोधत फिरायचं नाही, दुसऱ्यानं मागं यायचं. ती नेमाची पक्की होती. ती त्या बाकावरून हलणार नव्हती. पदर डोक्यावर घेऊन, धुक्यात, एकटी. तिला पाटी वाचता येत नव्हती. गाड्या येतील आणि जातील, ती प्रत्येक उतरणाऱ्या माणसाकडे पाहत राहील, आणि मी नर्मदेत नुसती हाडं सोडून येईन. मागून माणसं खेकसत होती. "बाबा, चढा नाही तं हटा!" मी हटलो.

साळा दारातून ओरडला, "भाऊजी! काय झालं?"

"तुझी ताई तिकडंच राह्यली."

"अजी, ताई तुमच्या गळ्यात हाय! येडे झाले का? गाडी सुटून राह्यली!"

"सुटू दे. तू जा."

तो चरफडत उतरला. मी पुलाकडे निघालो. पायऱ्या चढताना मागून तो बोलतच होता. "जिवंत होती तवा दहा हाका माराव्या लागे तुमाले. आता काहून धावता?" पुलाच्या मधोमध एक नवीनच भीती आली. बाकावर जाऊन मी पाहणार काय आहे? रिकामं बाक दिसलं तर ती गेली की बसली आहे, हे कळणार कसं? कठडा धरून मी तिथंच उभा राहिलो. जन्मात पहिल्यांदा मनातून म्हटलं, देवी, मला यातलं काही समजत नाही. आता तूच पाहा.

खाली उतरलो. बाकावर कोणीतरी बसलेलं होतं. पदर डोक्यावर, हात मांडीवर. जवळ जाऊन, खाली पाहूनच म्हणालो, "चाल वो शोभाची माय. गाडी तिकडं लागली."

"मी कायले येऊ जी?" ती म्हणाली. "ते तं नागपूरले चालली. मले गोंदियाले जाचं हाय."

मान वर केली. परकी बाई होती, माझ्याच वयाची. मघा त्या गर्दीत ती दिसली नव्हती. ती माझ्याकडे पाहत राहिली. "कोनाले बोलवून राह्यले तुमी?" मी पिशवीला हात लावून दाखवला. तिला लगेच कळलं. तिनं पिशवीला हात जोडले. मग स्वतःचं गाठोडं बाकावरून उचलून मांडीवर घेतलं आणि सरकून बसली. "बसा. तिलेई म्हना, बस. आपली गाडी इथंच येते."

पलीकडची गाडी सुटली आणि धुक्यात नागपूरकडे गेली. आमच्यासोबत धावलेले लोक तिच्या खिडक्यांतून एकमेकांना विचारत होते ते ऐकू येत होतं. भोंग्याचा दोष नव्हता. तो नागपूरवाल्यांनाच तिकडे बोलवत होता. साळा कितीतरी वेळ त्या मोकळ्या रुळाकडे पाहत राहिला. मग येऊन माझ्या पायाशी खालीच बसला. मी म्हटलं, "बाकावर बस ना." तर म्हणाला, "तिथं ताई हाय." माझ्यात आणि त्या बाईत एका माणसाची जागा मोकळी होती.

गोंदियाची गाडी आली तेव्हा मी आधी शोभाच्या मायला सांगितलं आणि मगच उठलो. वैनगंगेचा पूल आला. मी बोलणार तेवढ्यात साळाच पिशवीकडे वाकून म्हणाला, "ताई, वैनगंगा आली बरं." आणि पोरासारखा रडला. ती बाई समोरच बसली होती. गोंदियाला उतरली आणि गर्दीत गेली. तिचं नाव मी विचारलं नाही. ती कोण होती यावर मी वाद घालणार नाही. गोंदियाला जाणारी बाई होती, एवढं मला माहीत आहे. आणि एवढंही माहीत आहे की मी ती नागपूरची गाडी ओळखून उतरलो नव्हतो. मी घाबरून उतरलो होतो. त्या भीतीनंच मला माघारी नेलं. ती भीती ज्यानं दिली, त्याचे डोळे फुटले नव्हते.

शिकलो असेन तर इतकंच. आपण कुठं चुकलो ते कळलं की तिथंच परत जाऊन उभं राहायचं. पुढचं आपल्या हातात नसतं, आणि नसतं तेच बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्मदेच्या पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरलो. पाणी थंड होतं. तिला म्हटलं, ही घे तुझी नर्मदा. पिशवी सोडली. घाटावरच्या माणसानं सांगितलं, आता मागे वळून पाहायचं नाही, सरळ निघायचं. मी लगेच निघालो नाही. पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि म्हणालो, "जातो वो मी, शोभाची माय." मग वळलो.