लिस्बन ते हेलसिंकी, साडेचार तास

चूक माझीच होती. विमानाची नव्हती, हवेचीही नव्हती.

आई आमच्याकडे अमेरिकेत, अल्फारेटाला राहते. दादा हेलसिंकीला. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हा वहिनीचा फोन आला. "डॉक्टर म्हणतायत, उद्या संध्याकाळी सहाला करू, नाहीतर परवा सकाळी. तुम्ही कधी पोचताय?"

आमच्या घरातली सगळी तिकिटं मीच काढतो. त्या दिवशी लिस्बनमार्गेच जागा होत्या. मी इंटरनेटवर पाहिलं: लिस्बन ते हेलसिंकी, तीन हजार तीनशे किलोमीटरच्या वर, साडेचार तास. लिस्बनहून विमान बाराला. बोटांवर मोजलं आणि सांगितलं, "साडेचारला उतरतो. संध्याकाळचंच घ्या."

दर महिन्याला मी ऑफिससाठी पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला जातो, घड्याळ तीन तास मागे करतो. पण युरोप म्हणजे एक घड्याळ, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. तिकिटावर उतरण्याची वेळ छापलेली होती. ती मी वाचलीच नाही.

लिस्बनहून निघालेल्या विमानात आई खुशीत होती. "भेटला की आधी कान पिळणार आहे त्याचा. सहा महिने छातीत दुखतंय आणि फोनवर म्हणे, मजेत आहे!"

मी समोरच्या पडद्यावर नकाशा लावला. खाली लिहिलं होतं, पोचण्याची वेळ साडेसहा. आधी वाटलं, विमान लेट आहे. मग कोपऱ्यात हेलसिंकीची आत्ताची वेळ दिसली. माझ्या मनगटावरच्या लिस्बनच्या वेळेपेक्षा दोन तास पुढे.

उतरायला अजून तीन तास होते; तोवर सहा वाजून गेले असते. विमानातून फोन लागत नव्हता. नकाशावरचं ते पांढरं विमान हलतंय की नाही, तेही कळत नव्हतं.

"किती राहिलं रे?"

"आलंच, आई."

"ऑपरेशनआधी भेटू देतील ना?"

"देतील की."

तिने पर्समधून कंगवा काढून केस सारखे केले. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. खाली नुसते ढग होते.

आम्ही हॉस्पिटलात शिरलो तेव्हा दादाला आत नेऊन तासाहून जास्त झाला होता. तो शुद्धीवर आलाच नाही. "विमान लेट झालं," मी वहिनीला म्हणालो. आईने ते ऐकलं आणि खरं मानलं.

अल्फारेटाला परतल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगायची. एका काकूंनी तर एअरलाइनवर कंप्लेंट करायला सांगितलं. "कशाला हो," आई म्हणाली, "त्यांचा तरी काय दोष."

ते वाक्य मला सहन होईना. आधी वहिनीला फोन करून सगळं सांगितलं. मग स्वयंपाकघरात आलो. आई मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो.

"आई, विमान वेळेवर पोचलं होतं. तिथलं घड्याळ दोन तास पुढे असतं, ते मी धरलंच नाही. सकाळचं घ्या म्हणालो असतो तर तुझी त्याची भेट झाली असती. वर तुझ्याशी खोटं बोललो. मला माफ कर."