वत्सूताईचा पितळी डबा

वत्सूताई गेली, हे मला भाजीवालीनं सांगितलं. लाल माठाची जुडी पिशवीत टाकता टाकता ती म्हणाली, "बाई, तुमची ती मैत्रीण काल गेली ना हो?" आमच्या घरांत अंतर दोन गल्ल्यांचं, आणि बातमी आली ती बाजारातून. मी "हो, हो" म्हटलं, जणू मला ठाऊकच होतं. घरी येऊन माठ निवडत बसले आणि रडू येईल म्हणून वाट पाहिली... आला तो राग. सात वर्षं मुरलेला. आज महिना उलटला तरी तो गेलेला नाही, तेव्हा आधीच सांगून ठेवते, मला गोडगोड लिहिता येणार नाही.

वत्सूताई म्हणजे रत्नागिरीतल्या निम्म्या लग्नांत बिनआमंत्रणाची दिसणारी बाई. ऐन पंचविशीत विधवा झालेली, मूलबाळ नाही, भाच्याकडे एका खोलीत राहायची. एकदा एका कार्यालयामागे आचाऱ्यांना मसालेभाताचं अख्खं पातेलं खड्ड्यात ओतताना तिनं पाहिलं आणि पदर खोचून त्यांच्या अंगावर धावली. दुसऱ्याच दिवशी मला, शाळामास्तरणीला, तिनं कामाला जुंपलं. "मंदे, मी भांडायला बरी, तू बोलायला बरी," म्हणाली. झाली वाटणी. शेवटची पंगत बसली की ती मुदपाकखान्यात शिरायची आणि पानात न वाढलेलं तेवढंच आपल्या पितळी डब्यांत भरून घ्यायची. उष्टं एक शीतही चालायचं नाही. झाकणावर जुन्या लुगड्याचं फडकं आणि त्याला तिची ती उलटी गाठ, जी तिच्याशिवाय कुणाला सुटत नसे. मी सकाळची शाळा आटपून यायची आणि आम्ही रिक्षानं मिरजोळ्याला जायचो. तिथे तेव्हा कारखान्यांच्या शेड उठत होत्या, आणि जांभा दगड फोडायला घाटावरून आलेली माणसं कातळावर झोपड्या घालून राहिली होती.

त्या वस्तीत पारूआजीचा शब्द चाले. डबा उघडण्याआधी ती मला विचारायची, "कुनाचं लगीन, बाई?" मी नवरानवरीची नावं, गावं सांगायची. मग ती पहिला घास हातात धरून डोळे मिटायची. "जोडा सुखात ऱ्हाऊ दे." त्यानंतरच बाकीचे जेवायचे. आशीर्वाद देऊन खाल्लं की ती भीक होत नाही, असं तिचं म्हणणं होतं. मला ते इतकं पटलं की एकही नाव चुकू नये म्हणून मी रिक्षात वत्सूताईकडून दोनदोनदा वदवून घ्यायची.

एका दुपारी वत्सूताई डबे भरून थेट माझ्याकडे आली. मसालेभात होता, बुंदीचे लाडू होते. "नवरी आंजर्ल्याची, सुनंदा. नवरा इथलाच, प्रकाश," तिनं सांगितलं. मी तसंच पुढे सांगितलं. पारूआजीनं आशीर्वाद दिला आणि पहिला लाडू आपल्या सुनेला, शेवंताला दिला. तिला नववा लागला होता.

चार दिवसांनी गेलो तर आजी वाटेतच उभी. वस्तीतली एक बाई गावात भांडी घासायला जायची, तिनं आमचे डबे एका घरी भरताना पाहिले होते. ते घर तेराव्याचं होतं. परक्याच्या तेराव्याचं अन्न ती माणसं शिवत नसत, आणि पोटुशीला तर नाहीच नाही.

"भरल्या पोटाच्या माझ्या सुनंला मेल्याचं जेवाय घातलंस? तूच म्हनलीस ना लगीन म्हनून?"

मी वत्सूताईकडे पाहिलं. ती खाली बघून फडक्याची गाठ आवळत होती. "ही काय सांगते, ते मला काय ठाऊक गो," ती म्हणाली, "सांगायचं काम तिचं."

इतकंच. आजीनं मला पुन्हा वस्तीत पाऊल टाकू नकोस म्हणून सांगितलं. परतताना रिक्षात मी तिला खोटं का सांगितलंस म्हणून विचारलं. ती म्हणाली, "अगो, चांगले लाडू फुकट घालवायचे होते? अन्नाला कसलं आलंय सुतक?" मी म्हटलं, ते तू नाही ठरवायचंस, ते खाणाऱ्यानं ठरवायचं. "आणि माझ्यावर का ढकललंस?" तिनं डबे मांडीवर ओढून घेतले. मग म्हणाली, "तुला शाळा आहे, घर आहे. मला हेच आहे, मंदे."

शेवंताला धडधाकट मुलगी झाली, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. वत्सूताई जातच राहिली. तिचा तिथे मान वाढला, आणि मी खोटारडी मास्तरीण ठरले. रस्त्यात दिसली तर मी पलीकडच्या कडेनं जायची. तिनं एकदा जाऊन खरं सांगितलं असतं, तर मी सगळं विसरले असते. सात वर्षांत तिला तेवढा एक दिवस मिळाला नाही.

तिच्या तेराव्याला मात्र गेले. पानं उठल्यावर भाचेसून तिचाच एक पितळी डबा पुढे करून म्हणाली, "मावशी, पुष्कळ उरलंय. तुम्ही दोघी न्यायचात ना?" नको म्हणायचं होतं... तरी भर दुपारी मिरजोळ्याला गेले. पारूआजी आता नाही. शेवंता पत्र्याच्या घराच्या दारात आली, मागे तिची मुलगी थाळी घेऊन. मी उंबऱ्याबाहेर उभी राहूनच म्हटलं, "वत्सूताईच्या तेराव्याचं आहे. चालणार नसेल तर घेऊ नकोस."

शेवंता खालीच बसली. डोळे पुसून म्हणाली, "त्या आपल्याच की. आपल्या मानसाचं चालतंय." तिनं डबा घेतला, पहिला घास हातात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. "त्यांनी आमाला कधी फसवलं न्हाई. व्हय की न्हाई, बाई?"

सात वर्षं ज्या वाक्याची तयारी केली होती, ते अगदी ओठांवर आलं होतं. पोर थाळी धरून उभी होती.

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."

म्हणजे त्याच वस्तीत वत्सूताईनं पुन्हा माझ्याच तोंडून खोटं वदवून घेतलं, आणि या वेळी ती शेजारी उभीसुद्धा नव्हती. शेवंतानं डबा लख्ख घासून दिला. भाचेसुनेचे दोन निरोप येऊन गेले, तरी तो माझ्याच फळीवर आहे. झाकणावर फडकं टाकून मी ती उलटी गाठ मारून बघते. माझी दर वेळी सुटते.